क्लोद बेर्नार : ‘प्रयोग’ या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द नाटकाच्या सादरीकरणालाही लावतात आणि शास्त्रज्ञाच्या कृतीलाही. फ्रेंच भाषेत या दोन गोष्टींसाठी दोन निराळे शब्द आहेत, त्यामुळे आधुनिक प्रायोगिक वैद्यकाचे प्रवर्तक क्लोद बेर्नार यांच्या आयुष्यातील एक विलक्षण योगायोग फ्रेंच वाचकाला भाषेतून जाणवत नाही. तो मराठी वाचकाला सहज जाणवावा. बेर्नार यांनी ऐन तारुण्यात एका अर्थाच्या प्रयोगाचा ध्यास घेतला होता आणि पुढे सारे आयुष्य दुसऱ्या अर्थाच्या प्रयोगाला वाहिले. पहिल्यात त्यांना अपयश आले. दुसऱ्याने त्यांना कीर्ती दिली, पण तिची किंमत त्यांनी आपल्या संसारातून आणि प्रकृतीतून मोजली. त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत एका कादंबरीकाराने त्यांचा हा दुसरा प्रयोग उचलून पुन्हा साहित्याच्या दारात आणून ठेवला. साहित्याच्या अभ्यासकाला बेर्नार यांचे चरित्र या कारणाने महत्त्वाचे वाटते. त्यांच्या शोधांपैकी स्वादुपिंडाविषयीचे संशोधन येथे मध्यवर्ती मानले आहे, कारण प्रयोग म्हणजे काय, प्रतिकृती म्हणजे काय आणि या दोहोंत अंतर कोणते, हा प्रश्न त्यात सर्वांत स्पष्टपणे उभा राहतो.

क्लोद बेर्नार यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्समधील बोझोले प्रांतात, विलफ्रांशजवळील सें-ज्युलियँ या खेड्यात झाला. वडील द्राक्षमळ्यांचे काम पाहत. घरची स्थिती बेताचीच होती. विलफ्रांश येथील जेझुइटांच्या शाळेत आणि नंतर टुआसेच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. त्यात लॅटिन आणि जुने वाङ्मय भरपूर होते, विज्ञान मात्र नावापुरते. शिक्षण अर्धवट सोडून १८३२ मध्ये ते लियाँ शहराच्या वेझ या उपनगरात एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला राहिले. तेथून जवळच पशुवैद्यकाची प्रसिद्ध शाळा होती आणि तिला औषधे पोचवण्याचे काम या पोराकडे असे. दुकानात थेरियाक नावाचे एक सर्वरोगहर औषध खपत असे. बिघडलेल्या, उरलेल्या, नाव पुसलेल्या साऱ्या द्रव्यांची रवानगी या एकाच भांड्यात होई, आणि तरीही गिऱ्हाइके त्याची स्तुती करीत परत येत. औषधांविषयीचा बेर्नार यांचा पहिला धडा हा असा अविश्वासाचा होता. पुढे वैद्यकातील प्रत्येक परंपरागत समजुतीकडे पुरावा मागण्याची जी वृत्ती त्यांच्या ठायी दिसते, तिचे बीज या भांड्यात शोधता येते.

संध्याकाळी मोकळीक मिळाली की ते नाटकगृहात जात. लियाँच्या रंगभूमीवर त्या काळी हलकीफुलकी संगीतिकावजा नाटके गाजत होती. बेर्नार यांनी तशीच एक छोटी रचना लिहिली. तिचे नाव ‘ऱ्होनचा गुलाब’. तिचा प्रयोग झाला आणि लेखकाला शंभर फ्रँकही मिळाले, असे सांगतात. या यशाने धीर येऊन त्यांनी ‘आर्थर द ब्रताञ’ हे पाच अंकी ऐतिहासिक नाटक रचले. इंग्लंडचा राजा जॉन आणि त्याच्या हाती सापडून नाहीसा झालेला त्याचा पुतण्या आर्थर यांची ही कथा आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’मुळे ती साहित्याच्या वाचकांना परिचित आहे. असहाय बालक, सत्ताधीश पुरुष आणि टाळता न येणारी हत्या असा हा विषय. फ्रान्समध्ये तो स्वच्छंदतावादी नाटकाच्या भरतीचा काळ होता, आणि एका खेडुत तरुणाने त्या भरतीत आपली होडी सोडावी यात नवल नव्हते.

१८३४ मध्ये हे हस्तलिखित घेऊन बेर्नार पॅरिसला गेले. सॉर्बोनमधील साहित्याचे प्राध्यापक आणि समीक्षक सें-मार्क झिरार्दँ यांना त्यांनी ते दाखवले. झिरार्दँ यांनी नाटक वाचले, लेखकाच्या गुणांची दखल घेतली आणि सल्ला दिला तो मात्र वेगळाच. आधी पोट भरण्याचा एखादा व्यवसाय शिकावा, औषधांच्या दुकानाचा अनुभव आहेच तर वैद्यक शिकावे, कविता फावल्या वेळात करावी, असा त्याचा आशय होता. समीक्षकाने दिलेला नकार एखाद्या शास्त्राला इतका फलदायी ठरल्याची उदाहरणे वाङ्मयेतिहासात फार नाहीत. बेर्नार यांनी त्याच वर्षी वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. नाटक मात्र त्यांनी फाडून टाकले नाही. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

विद्यार्थी म्हणून ते चमकले नाहीत. १८३९ मध्ये रुग्णालयातील निवासी पदाच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या २९ जणांत त्यांचा क्रमांक २६वा होता. परंतु ओतेल-द्यू रुग्णालयात त्यांची गाठ फ्रांस्वा माझँदी यांच्याशी पडली आणि १८४१ पासून ते कॉलेज द फ्रान्समध्ये माझँदी यांचे प्रयोग-साहाय्यक झाले. माझँदी हे सिद्धांतांचे वैरी होते. कचऱ्यातून चिंध्या वेचणाऱ्याप्रमाणे आपण केवळ वस्तुस्थिती गोळा करतो, असे ते स्वतःविषयी म्हणत. जिवंत प्राण्यावरील शस्त्रक्रियेत त्यांचा हात निर्दय म्हणावा इतका धीट होता. १८२४ मध्ये लंडनमध्ये त्यांनी केलेल्या प्रात्यक्षिकांनी तेथे संतापाची लाट उठली होती. शिष्याने गुरूची धिटाई घेतली, कौशल्यात त्याला मागे टाकले आणि सिद्धांताविषयीचा तिटकारा मात्र सोडून दिला. वस्तुस्थिती वेचण्यापूर्वी मनात एखादी कल्पना असावी लागते आणि वस्तुस्थितीने विरोध करताच ती टाकून देण्याची तयारीही असावी लागते, हा बेर्नार यांचा पुढील विचार या गुरुशिष्य-संबंधातून घडला.

१८४३ मध्ये जठररसावरील प्रबंधाने ते वैद्यकाचे डॉक्टर झाले. पुढच्या वर्षी अध्यापकपदाच्या स्पर्धेत मात्र ते अयशस्वी ठरले. स्वतःची प्रयोगशाळा काढण्याचा प्रयत्नही पैशाअभावी फसला आणि गावी परत जाऊन वैद्यकी करावी असा विचार मनात घोळू लागला. मित्रांनी त्यावर उपाय काढला तो लग्नाचा. १८४५ मध्ये पॅरिसमधील एका डॉक्टरांची कन्या फानी मार्तँ हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि तिच्या हुंड्यावर संशोधन चालू राहिले. दोन मुलगे तान्हेपणीच गेले. दोन मुली वाढल्या. पत्नी धर्मनिष्ठ होती आणि प्राण्यांवरील प्रयोगांविषयी तिच्या मनात खोल घृणा होती. ज्या पैशाने प्रयोगशाळा चालत होती तो तिच्या माहेरचा होता, ही गोष्ट या संसारातील कटुतेला अधिकच धार देणारी होती.

अशा परिस्थितीत स्वादुपिंडाचे संशोधन सुरू झाले. बेर्नार यांनी स्वतः सांगितलेली हकीगत अशी आहे. १८४६ मध्ये बाजारातून आणलेल्या सशांचे मूत्र त्यांना स्वच्छ आणि आम्लधर्मी आढळले. गवत खाणाऱ्या प्राण्याचे मूत्र गढूळ आणि अल्कधर्मी असते. तेव्हा हे ससे बराच काळ उपाशी असावेत आणि आपल्याच मांसावर जगत असावेत, असा तर्क त्यांनी केला. सशांना गवत घालून, उपाशी ठेवून आणि अखेर उकडलेले गोमांस खाऊ घालून त्यांनी तो तपासला. मांस खाल्लेल्या सशांची चिरफाड करताना त्यांच्या नजरेस एक अनपेक्षित गोष्ट पडली. आतड्यातील चरबी शोषून नेणाऱ्या लसीकावाहिन्या जठराच्या तोंडापासून सुमारे तीस सेंटीमीटर पुढे गेल्यावरच दुधाळ दिसू लागत होत्या. सशामध्ये पित्तनलिका आतड्याच्या आरंभी उघडते आणि स्वादुपिंडाची नलिका बरीच खाली उघडते. वाहिन्या दुधाळ होऊ लागण्याची जागा आणि ही दुसरी नलिका उघडण्याची जागा एकच होती. चरबीच्या पचनाला स्वादुपिंडाचा रस कारण असावा, ही कल्पना येथे जन्मली.

पुढील काळात मिर्को ग्रमेक, फ्रेडरिक होम्स आदी इतिहासकारांनी बेर्नार यांच्या प्रयोगवह्या बारकाईने वाचल्या. छापील ग्रंथातील कथा वह्यांतील घडामोडींपेक्षा पुष्कळ सुटसुटीत आहे, हे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले. वह्यांत चाचपडणे आहे, चुकलेल्या वाटा आहेत, आधीची कल्पना नंतर आणि नंतरची आधी अशी उलटापालट आहे. ग्रंथात निरीक्षण, तर्क, पडताळा असा क्रम लागला आहे. कथानकाची बांधणी, योग्य क्षणी उलगडा आणि अनावश्यकाचा त्याग हे नाटककाराचे गुण लेखणीतून गेले नव्हते, असेच यावरून म्हणावे लागते.

सशावरून सुचलेली कल्पना कुत्र्यावर सिद्ध करायची होती. स्वादुपिंड हे जठराच्या मागे दडलेले अवयव. प्राचीन शारीरविदांनी त्याला मांसल गादीपेक्षा फारसे महत्त्व दिले नव्हते. बेर्नार यांनी कुत्र्याचे पोट उघडून त्याच्या नलिकेत चांदीची बारीक नळी बसवली आणि शुद्ध रस गोळा केला. हा रस तेलात घोटला की दुधासारखे मिश्रण तयार होते आणि चरबीचे विघटन होऊन ग्लिसरीन व मेदाम्ले सुटी होतात, हे त्यांनी दाखवले. १८४९ मध्ये हे संशोधन विज्ञान अकादमीपुढे आले आणि त्याला प्रायोगिक शरीरक्रियाशास्त्राचे पारितोषिक लाभले. या कामात एक अडचण मात्र त्यांना सतत छळत होती. हे अवयव फार हळवे होते. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच वेळात त्याला दाह होई, रस पातळ आणि निष्प्रभ होऊन वाहू लागे. निरोगी रस आणि दाह झालेल्या ग्रंथीचा रस यांत भेद केला पाहिजे, असा इशारा त्यांनी दिला. दाह त्यांच्या दृष्टीने अभ्यासाचा विषय नव्हता. तो वाटेतला अडथळा होता.

हाच अडथळा पुढे एका स्वतंत्र संशोधनक्षेत्राचे उगमस्थान ठरावा, हे शास्त्राच्या इतिहासाला शोभणारे वळण आहे. स्वादुपिंड नसेल तर काय होते, हे बेर्नार यांना पाहायचे होते. संपूर्ण ग्रंथी कापून काढली तर कुत्रा जगत नसे. म्हणून नलिकेतून उलट्या दिशेने तेलासारखी स्निग्ध द्रव्ये भरून ग्रंथी आतूनच नष्ट करण्याची युक्ती त्यांनी योजली. १८५६ मध्ये त्यांचा स्वादुपिंडावरील बृहत् प्रबंध प्रसिद्ध झाला. त्या सुमाराच्या प्रयोगांत ऑलिव्ह तेल आणि पित्त कुत्र्याच्या स्वादुपिंड-नलिकेत सोडल्यावर ग्रंथीला तीव्र दाह झाला. तीव्र स्वादुपिंडदाह प्राण्यामध्ये मुद्दाम उत्पन्न करण्याचा पहिला प्रयत्न म्हणून वैद्यकाच्या इतिहासात आजही याच प्रयोगाचा निर्देश होतो.

या काळात बेर्नार यांचे अन्य शोधही एकामागून एक प्रकट होत होते. यकृत रक्तात साखर सोडते हे १८४८ मध्ये त्यांना दिसले आणि त्या साखरेचे मूळ द्रव्य, ग्लायकोजेन, त्यांनी १८५७ मध्ये वेगळे केले. मेंदूच्या तळाशी विशिष्ट जागी सुई टोचली की मूत्रात साखर उतरते, हे १८४९ मधले निरीक्षण. सशाच्या मानेतील एक मज्जातंतू कापताच त्या बाजूचा कान तापतो, यावरून रक्तवाहिन्यांवरील मज्जांचे नियंत्रण उलगडले. दक्षिण अमेरिकेतील आदिवासींचे बाणविष, क्युरारे, स्नायूंना हालचाल करू देत नाही, पण संवेदना तशीच राहते, हेही त्यांनीच स्पष्ट केले. आणि याच विषाचा उपयोग त्यांच्या प्रयोगशाळेत प्राणी स्थिर ठेवण्यासाठी होत असे. या विधानातील भीषणता त्यांना कळत नव्हती असे नाही. क्युरारेवर सामान्य वाचकांसाठी लिहिताना निश्चल देहात जागी राहणारी वेदना त्यांनीच वर्णिली होती.

१८५४ मध्ये सॉर्बोनमध्ये त्यांच्यासाठी अध्यासन निर्माण झाले. त्याच वर्षी ते विज्ञान अकादमीवर निवडून आले आणि १८५५ मध्ये माझँदी यांच्या निधनानंतर कॉलेज द फ्रान्समध्ये त्यांच्या जागी आले. तळघरातील ओलसर, अंधाऱ्या प्रयोगशाळेतील वर्षांनी त्यांची प्रकृती ढासळली. १८६० नंतर पोटाच्या दीर्घ विकाराने त्यांना पुनःपुन्हा अंथरूण धरायला लावले. हा आतड्याचा जुनाट दाह असावा आणि त्याची झळ यकृताला व स्वादुपिंडालाही लागली असावी, असे ग्रमेक यांचे अनुमान आहे. ज्या दोन अवयवांनी त्यांना कीर्ती दिली त्यांच्याच पीडेने ते सें-ज्युलियँच्या मळ्यात परतले. त्या सक्तीच्या विश्रांतीत ‘प्रायोगिक वैद्यकाच्या अभ्यासाची प्रस्तावना’ हा ग्रंथ सिद्ध झाला. तो १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वैद्यकाच्या बाहेरील वाचकांनीही तो वाचला. स्वच्छ, संयत आणि कोठेही आवाज न चढवणारे त्याचे गद्य हेही या स्वागताचे एक कारण होते. १८६८ मध्ये फ्रेंच अकादमीने बेर्नार यांना सदस्य म्हणून निवडले. झिरार्दँ हे त्या अकादमीचे जुने सदस्य होते. चौतीस वर्षांपूर्वी साहित्याच्या दारातून परत पाठवलेला तरुण साहित्याच्याच सर्वोच्च पीठावर असा सन्मानाने येऊन बसला.

घर मात्र या सुमारास पुरते मोडले. १८६९ च्या आसपास पतिपत्नी कायदेशीररीत्या विभक्त झाली. मुली आईबरोबर गेल्या आणि त्या तिघींनी प्राणिसंरक्षणाच्या चळवळीशी नाते जोडले. या विरोधाला केवळ घरगुती कलह मानणे अन्यायाचे होईल. बेर्नार यांच्या प्रयोगांपैकी पुष्कळ प्रयोग भूल देण्याचे तंत्र उपलब्ध होण्यापूर्वीचे किंवा ते रूढ होण्यापूर्वीचे होते. १८७५ मध्ये जॉर्ज हॉगन या इंग्लिश डॉक्टराने लंडनच्या वृत्तपत्रात पत्र लिहून पॅरिसच्या एका प्रयोगशाळेतील काही महिन्यांचा अनुभव सांगितला. तेथील प्राण्यांवरील एकही प्रयोग समर्थनीय किंवा आवश्यक नव्हता, असा त्याचा अभिप्राय होता. प्रयोगशाळेचे नाव त्याने दिले नाही, पण ती बेर्नार यांचीच असे सर्वांनी मानले. त्या पत्राने पेटलेल्या वादातून १८७६ मध्ये ब्रिटनमध्ये प्राण्यांवरील प्रयोगांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. भारतात १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात प्रयोगांसाठी वेगळे प्रकरण आहे. त्या कायद्याची वाट राज्यसभेतील विधेयकाद्वारे रुक्मिणीदेवी अरुंडेल या नृत्यकलावतीने मोकळी केली, हेही येथे स्मरणीय आहे.

बेर्नार यांची भूमिका निःसंदिग्ध होती. माणसावर घातक प्रयोग करणे त्यांना सर्वस्वी निषिद्ध वाटे. म्हणूनच प्राण्यावर ते करणे त्यांना कर्तव्य वाटे. ही दोन वाक्ये एकमेकांवर टेकून उभी आहेत, आणि फानी बेर्नार यांना त्यांतील दुसरे मान्य नव्हते. या वादाचा निकाल चरित्रकाराने देण्याचे कारण नाही. परंतु निकाल कोणताही लागला तरी कुत्र्याची वेदना हिशेबातून वगळता येत नाही, एवढे या घराच्या इतिहासाने सांगून ठेवले आहे.

१० फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिस येथे बेर्नार यांचे निधन झाले. फ्रान्सच्या शासनाने त्यांची अंत्ययात्रा राष्ट्रीय इतमामाने काढली. शास्त्रज्ञाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. अकादमीतील त्यांच्या जागी एर्नेस्त रनाँ आले.

त्यांच्यामागे स्वादुपिंडाचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय या चरित्राचा अर्थ पुरा होत नाही. बेर्नार यांनी नलिकेतून ग्रंथी नासवली, तरी कुत्र्यांना मधुमेह झाला नाही. साखरेचा सर्वांत मोठा अभ्यासक साखरेच्या रोगाची किल्ली हाताशी असून चुकला. ग्रंथीतील ज्या पेशीपुंजांकडे रक्तातील साखरेचे नियमन आहे ते नलिकेच्या इजेतून बऱ्याच अंशी वाचतात, हे तेव्हा ज्ञात नव्हते. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे फॉन मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे संपूर्ण स्वादुपिंड काढण्यात यश मिळवले आणि मूत्रात साखर आढळली. चरबीच्या पचनाला स्वादुपिंड अनिवार्य आहे काय, या बेर्नार यांच्याच परंपरेतील प्रश्नातून ती शस्त्रक्रिया उद्भवली होती.

तीव्र दाहाच्या प्रतिकृतीचा प्रवास याहून लांबचा आहे. १८९६ मध्ये हान्स कियारी यांनी हा रोग म्हणजे ग्रंथीने स्वतःलाच पचवणे होय, असे मत मांडले. १९०१ मध्ये बाल्टिमोर येथे युजीन ओपी यांना एका रुग्णाच्या शवविच्छेदनात पित्तनलिका व स्वादुपिंड-नलिका यांच्या समाईक मुखाशी अडकलेला छोटा खडा सापडला. खड्याने मुख अडते आणि पित्त उलटे स्वादुपिंडात शिरते, असा तर्क करून त्यांनी कुत्र्याच्या नलिकेत पित्त सोडले व दाह उत्पन्न केला. बेर्नार यांनी नाशासाठी केलेली कृती ओपी यांनी रोगाची नक्कल म्हणून केली. कृती तीच, प्रश्न मात्र निराळा. १९७५ मध्ये कोलीनविरहित आहारात एथिओनीन मिसळून उंदरांत, तेही कोवळ्या माद्यांत, प्राणघातक स्वादुपिंडदाह घडवण्यात आला. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातील हिरव्या झाडबेडकाच्या त्वचेत सापडलेले सेरुलीन हे द्रव्य अतिमात्रेत देऊन उंदराच्या मोठ्या जातीत सौम्य, भरून येणारा दाह साधण्यात आला. १९८० मध्ये पित्तक्षार नलिकेत सोडण्याची रीत याच प्राण्यासाठी बसवली गेली, आणि १९८४ मध्ये आर्जिनीन या अमिनो आम्लाची. ओपॉसम या प्राण्याची नलिका बांधली तर खड्याने होणाऱ्या रोगाशी बरेच साम्य असलेला आजार होतो, म्हणून त्याचाही अभ्यास झाला.

इतक्या प्रतिकृती असूनही या रोगावर नेमके काम करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. रुग्णाला द्रव देणे, वेदना शमवणे, पोषण टिकवणे आणि उपद्रव हाताळणे हेच आजही उपचाराचे सार आहे. प्राण्यांत गुणकारी ठरलेली द्रव्ये माणसात निष्फळ झाली. याची कारणे समजण्यासारखी आहेत. प्राण्यात रोगाचा प्रारंभ घड्याळ लावून होतो आणि औषध पुष्कळदा त्याआधीच दिलेले असते. माणूस दुखणे उठल्यावर काही तासांनी, कधी दिवसांनी रुग्णालयात येतो. उंदराच्या त्या मोठ्या जातीला पित्ताशयच नसते. सेरुलीनने होणारा दाह सौम्य असतो, आणि माणसाला घोर वाटते ते तीव्र रूप. कोणतीही एक प्रतिकृती संपूर्ण रोग उभा करत नाही. प्रत्येक प्रतिकृती रोगाचे एखादे अंग दाखवते आणि बाकीची झाकते. नलिकेत द्रव्य सोडण्याची बेर्नार यांची रीत एका प्रकारच्या रुग्णाच्या मात्र फार जवळ जाते. दुर्बिणीने नलिकेत रंगद्रव्य सोडून तपासणी केल्यावर काही रुग्णांना जो दाह होतो, त्याचे हे जवळजवळ पूर्वरूप होय.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एमील झोला आठवल्यावाचून राहत नाही. आँरी सेआर या वैद्यक शिकलेल्या मित्राने झोला यांच्या हाती बेर्नार यांचा ग्रंथ दिला. ‘प्रायोगिक कादंबरी’ हा निबंध १८७९ मध्ये प्रथम रशियन नियतकालिकात आला आणि १८८० मध्ये त्याच नावाचे पुस्तक निघाले. वैद्याच्या जागी कादंबरीकार हा शब्द ठेवला की बेर्नार यांचे विवेचन साहित्याला लागू होते, असा त्यातील दावा होता. निसर्गवादाची ही घोषणा पुढे युरोपाबाहेर, भारतीय भाषांतील समीक्षेतही चर्चेचा विषय झाली. त्याच वर्षांत रशियात दस्तयेव्हस्की यांनी ‘कारामाझव बंधू’मध्ये तुरुंगातील द्मित्रीच्या तोंडी बेर्नार हे नाव आत्महीन विज्ञानाची शिवी म्हणून घातले. एकाने आदर्श मानले, दुसऱ्याने धोका. दोघांनीही स्वादुपिंड पाहिले नव्हते.

झोला यांच्या दाव्यातील उणीव स्वादुपिंडाच्या या इतिहासातूनच दिसते. कादंबरीकार परिस्थिती ठरवतो आणि परिणामही तोच ठरवतो. त्याच्या पात्राला वंशदोषाने मद्यपी करायचे असेल तर ते होते. नकार देणारे तेथे कोणी नसते. बेर्नार यांच्या हाताखालील अवयव नकार देत होते. रस पाहिजे तेव्हा त्याला दाह होई, आणि मधुमेह शोधणाऱ्याला ते मधुमेह दाखवत नसे. शास्त्रीय प्रयोगाची सत्यता या नकारात आहे, आणि बेर्नार यांच्या ग्रंथातील सर्वांत सुंदर भाग आपली कल्पना चुकली हे कबूल करणाऱ्या पानांचा आहे. झोला यांच्या थोर कादंबऱ्या थोर ठरल्या त्या त्यांच्या सिद्धांतामुळे नव्हेत. तथापि त्यांची चूक निष्फळ नव्हती. प्रतिकृती आणि मूळ यांचे नाते काय, हा काव्यशास्त्रातला जुना प्रश्न तिने प्रयोगशाळेच्या उजेडात पुन्हा विचारायला लावला. आज स्वादुपिंडदाहाचे अभ्यासकही आपल्या उंदरांविषयी हाच प्रश्न विचारत आहेत.

‘आर्थर द ब्रताञ’ हे नाटक रंगभूमीवर टिकले नाही आणि टिकण्यासारखेही ते नव्हते. त्याच्या लेखकाने पुढे जे उभे केले त्यात असहाय जीव होता, सत्ता होती, यातना होती आणि त्यांतून निघणारे सत्यही होते. सें-ज्युलियँ येथील त्यांचे घर आता संग्रहालय झाले आहे आणि भोवती द्राक्षमळे आहेत. बेर्नार यांच्या प्रयोगांत गेलेल्या कुत्र्यांची स्मृती मात्र त्यांच्या प्रयोगवह्यांत आहे. तेथे त्या प्रयोगांच्या नोंदी आहेत.